पाठपुरावा

सहावा प्रश्न: सदर इजा पूर्णतः अथवा मुख्यतः
आरोग्यसेवेतील नोकरीमुळे झाली आहे काय?
हेल्वेन प्रॉबर्ट पेन खाली ठेवते.
"मुख्यतः म्हणजे किती गं?"
मी युनियनची. मला माहीत असायला हवं.
मी किटलीत पाणी भरते.

ती बसते तेव्हा आधी डावा हात बसतो,
मग श्वास,
मग उरलेली ती.
खिडकीबाहेर डोंगर, जो डोंगर नाही:
खाणीच्या राडारोड्यावर वाढलेलं गवत,
त्यावर कुणाच्या तरी मेंढ्या.

एकोणपन्नास वर्षांची पाठ.
तिच्यात आईच्या कोळशाच्या बादल्या आहेत,
दोन बाळंतपणं, धाकटा सव्वाचार किलोचा,
चॅपल विकलं तेव्हा पायऱ्यांवरून उतरवलेला हार्मोनियम,
आणि बावीस वर्षं रात्रपाळी:
एक हात मानेखाली, एक कमरेखाली, एक, दोन, तीन.
कागद म्हणतो, यातलं आमचं किती ते वेगळं करा.
चहातून दूध काढून दाखवा म्हणावं तसं.

वॉर्ड सात. पहाटेचे चार वाजून दहा.
अठ्ठावीस खाटा, दोघी जणी.
माणूस उचलायचं यंत्र दुरुस्तीला गेलेलं, नाताळपासून.
ट्यूडर गेथिन, वय ब्याऐंशी, जुना खाणकामगार,
आपल्याच पायांनी संडासाला निघाला,
कारण घंटा वाजवायची लाज वाटली.

पडणाऱ्याला धरू नये, असं प्रशिक्षणात शिकवतात.
भिंतीवर चित्रच आहे: पडू द्या, डोकं सांभाळा.
हेल्वेनला ते तोंडपाठ होतं.
हातांना नव्हतं.

साक्षीदाराचा रकाना.
लोवेना पडद्याआड चादर बदलत होती, तिनं पाहिलं नाही.
गेथिन एकोणीस दिवसांनी गेला.
छातीनं गेला, आमच्याकडून नाही.
व्यवस्थापक सौम्य आवाजात म्हणाले,
नोंदवहीत त्या रात्री काही दिसत नाही.
दिसणार कसं? नोंद करायला वाकावं लागतं.

मग एका मंगळवारी त्याची मुलगी आली, मेन्ना,
बूट दारातच काढून, हातात खिशातली डायरी,
मागच्या पानांवर घोड्यांचे भाव.
छातीत किती टक्के धूळ हे ठरवायला
त्याच्या अर्जाला अकरा वर्षं लागली होती;
तेव्हापासून तो सगळं टिपून ठेवी,
दूधवाल्याची वेळसुद्धा.

"१७ फेब्रुवारी. पहाट. पडलो असतो. प्रॉबर्टबाईनं धरलं.
तिच्या पाठीतून आवाज आला,
छताखालचं लाकूड मोडायच्या आधी बोलतं तसा.
मी विचारलं. काही नाही म्हणाली.
आहे."

मी ते पान दोनदा वाचलं.
हेल्वेननं एकदाही नाही.
ती ओट्याला टेकून मेन्नाला विचारत होती
की शेवटी त्याला ती जेली मिळाली का, लिंबाची.

पत्र जूनमध्ये आलं.
पगाराच्या पंच्याऐंशी टक्क्यांपर्यंत भर घालू,
फार तर बारा महिने.
ती तेव्हा जमिनीवर होती, गालिच्यावर पाठ टेकून,
पाय खुर्चीवर, डॉक्टरनं सांगितलं तसे.
मी शेजारी आडवी झाले आणि वाचून दाखवलं,
दोघी छताकडे बघत.
"उरलेले पंधरा?" तिनं विचारलं.
मी म्हटलं, त्याचा पाठपुरावा करू.
ती हसली, आणि हसणं दुखलं,
म्हणून मध्येच थांबवलं.

अर्जाची प्रत माझ्या कपाटात आहे.
सहाव्या प्रश्नापुढे तिनं शेवटी लिहिलं: मुख्यतः.
आणि खाली, समासाबाहेर, बारीक अक्षरात,
जे कार्यालयानं वाचलं की नाही कळायला मार्ग नाही:
बादल्या माझ्या. त्या मोजू नका.