अख्खा बदाम

दवाखान्यातून निघताना बाईंनी एक कागद हातात ठेवला.
भाजलेल्या डुकराची कुरकुरीत साल : नाही.
पाकात घोळवलेले बदाम : नाही.
टॉफी : नाही. सफरचंद : चिरून.
आणि तळाशी, बारीक अक्षरांत,
तेवीस डिसेंबर ते एक जानेवारी दवाखाना बंद.

आस्गर तेरा वर्षांचा. नाताळ वर्षाआड माझ्याकडे.
म्हणजे हे दहा दिवस त्या तारा माझ्या ताब्यात.
एखादी चौकट निखळली
तर त्याची आई काही बोलणार नाही.
तिचं ते काही न बोलणं
मला चांगलं ठाऊक आहे.

ऑगस्टपासून तो ओठ मिटून हसतो,
जांभईसुद्धा हाताआड देतो.
रबरांचा रंग कोणता हवा, बाईंनी विचारलं,
या दिवसांत मुलं लाल-पांढरा मागतात.
'राखाडी.'

स्कीवेत साडेतीनला अंधार पडतो.
मी सफरचंदं चिरत बसलो,
इतक्या पातळ चकत्या की पलीकडचा दिवा दिसावा.
बदकाचं मांस हाडावरून सोडवलं,
बटाटे कुस्करले, पावाच्या कडा काढल्या.
त्यानं ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
'बाबा, तारा लावल्यात.
दात पडले नाहीत माझे.'

टेबलाशी सात जण. माझी बहीण बोडिल,
तिचा नवरा प्रेबेन, त्याचा तोच विनोद,
त्यांची सहा वर्षांची विग्गा, आणि त्यांच्याकडची तीन माणसं.
शेवटी गार खीर, तांदळाची, दाट सायीची,
वर चेरीचा कढत रस.
बदामाची मी या वर्षी पूडच केली होती.
पण एक अख्खा टाकावाच लागतो.
ज्याला तो मिळेल त्याला बक्षीस,
आणि मिळाला तरी सांगायचं नाही,
गालात दडवून बाकीच्यांना
पोट फुटेस्तोवर खाऊ द्यायचं.
मी तो विसरल्याचं नाटक केलं.
विग्गानं डोळे वटारले.
टाकला.

प्रेबेननं तिसऱ्यांदा वाढून घेतलं,
पट्ट्याचं एक भोक सैल केलं.
भांड्याचा तळ दिसू लागला.
बदाम कुणाकडेच नाही.
विग्गाचा खालचा ओठ थरथरू लागला
आणि माझ्या कानात, न झालेला
एकच आवाज : कट्.

आस्गर मान खाली घालून.
दोन्ही गाल सपाट. ओठ मिटलेले,
म्हणजे नेहमीसारखेच.
चार महिने ज्याचं तोंड बंद,
त्याच्या तोंडात काय आहे
हे कोण विचारणार?

मग त्यानं दोन बोटं वरच्या ओठामागे घातली
आणि मेणाच्या गोळीत रुतलेला,
तारेला चिकटवून ठेवलेला तो बदाम
बशीत ठेवला.
अख्खा. चरासुद्धा नाही.
आणि दात काढून हसला.
सगळेच्या सगळे, मेणबत्त्यांच्या उजेडात,
कुणी सुऱ्या-काट्यांचा खण
झटक्यात उघडावा तसा.

बक्षीस मार्झिपानचं डुक्कर.
'मऊ आहे,' तो मला म्हणाला, समजूत घातल्यासारखा,
आणि एक कान तोडून विग्गाला दिला.

रात्री साडेअकरा. न्हाणीघर.
माझ्या हातात टॉर्च, त्याच्या हातात
बाटली धुण्याच्या ब्रशाचं पिल्लू.
चेरीची साल पार मागच्या दाढेशी अडकलेली.
'आ कर.'
पहिला दुधाचा दात हलला होता
तेव्हा शेवटचा केला असेल त्यानं
माझ्यापुढे एवढा मोठा आ.

साल निघाली. पण तिच्याखालची चौकट
माझ्या बोटाला किंचित हलल्यासारखी वाटली.
'ही सकाळी हलत होती?'
'आहीत नाई,' माझ्या बोटाभोवतून तो.
'आईला—'
'नको,' आम्ही दोघंही.

दोन तारखेला अजून नऊ दिवस.
डबीत मेणाची एकच कांडी उरलेली.
ती मी बोटांत फिरवत राहिलो, ऊब येईपर्यंत,
आणि तो तोंड उघडं ठेवून
थांबला.