हिच्यावर आता काही लिहू नका

गल्लीतल्या डीपीची न्यूट्रल तुटली
तेव्हा दिवा विझला नाही. उलट
कधी नव्हता इतका पेटला,
पंखा वेड्यासारखा धावला,
स्टॅबिलायझरचा काटा पार शेवटाला जाऊन टेकला
आणि मी, मूर्खासारखी, मनात म्हटलं,
वा, आज व्होल्टेज चांगलंय.

मग वास.

यूपीएसची बॅटरी दिवाळीत बदलायची होती.
कुठल्या दिवाळीत, ते विचारू नका.

जयेंद्रगंजात, चष्म्याच्या दुकानावरच्या माडीत,
हरिओम कुशवाहनं डिस्क कानाशी धरली,
पूर्वी घड्याळजी धरायचे तशी.
"फिर रही है," म्हणाला. म्हणजे जीव आहे.
"होतं काय हिच्यात?"

जुने हिशेब, मी म्हटलं. खोटं नव्हतं.
मोडीतले कागद, देवनागरीत उतरवलेले:
कोणाच्या घोड्याला किती चंदी,
कोणत्या विहिरीचं पाणी कोणाचं.
चारशे बारा पानं. पाच वर्षांचे रविवार.
हात न उचलता लिहीत गेलेल्या कारकुनांचे
शब्द एकेक करून मी सुटे केले होते.

"माहिती जात नाही मॅडम, तिचा पत्ता हरवतो.
फक्त हिच्यावर आता काही लिहू नका."

नाही लिहिलं. डिस्क त्याच्याकडे होती,
तरी घरी दूधवाल्याचा हिशेबसुद्धा नाही मांडला.
बाहेर सेहेचाळीस डिग्री. फोनवर
चौदा टक्के. एकोणीस. एकोणीस.
आज दिवसभर लाइट नव्हती, मॅडम. एकवीस.

बाराव्या दिवशी पडद्यावर रांग लागली,
नाव नाही, गाव नाही, नुसते आकडे.
एका दस्ताला वरचा शिक्का होता, खाली करडा पट्टा.
एका पावतीत रुपये होते, देणारा नव्हता.
दोनशे सत्त्याऐंशी पानं भरली.
विहिरीचं पाणी कोणाचं, ते गेलं.

"आणि हे पुसलेलं पण आलं," हरिओम म्हणाला,
"सरसकट निघतं, निवडता येत नाही."
सात फायली. सातही धडधाकट,
काना-मात्रा न हललेल्या.
*सेवा में, प्राचार्य महोदय. विषय: त्यागपत्र.*
माझीच हिंदी, दर मार्चला जरा सुधारलेली.
पहिल्यात आईची प्रकृती. चौथ्यात माझी.
सातव्यात कारणच नाही,
नुसतं सविनय निवेदन.

हरिओम खिडकीबाहेर बघत राहिला.
आठवी 'ब'चा म्हणे तो. मला आठवला नाही.
त्याला माझा आवाज जिन्यातच ओळखू आला होता.

"नव्या डिस्कवर काय काय घेऊ?"
पानं सगळी. तुटलेली आहेत तीसुद्धा.
"आणि ही?"

तेवढ्यात लाइट गेली. इन्व्हर्टर टक् वाजला,
पडदा डोळा मिटून उघडावा तसा परत आला.

सातवं घे, मी म्हटलं.
तारीख तेवढी मी घालीन.