सोय दे

अकरा वर्षं मी पत्र्याच्या स्टेन्सिलवरून
खोक्यांवर काळा रंग फिरवत होतो :
एस्ते लादो अर्रिबा.
बाणाचं टोक आभाळाकडं, बास.
अर्रिबा हे कुठल्यातरी बाईचं नाव असणार
असं मला वाटायचं.

उद्यमबागेतल्या आमच्या फौंड्रीतून
पंपाची कवचं जातात एका बंदराला.
मी त्याचं नाव कल्लाओ वाचायचो.
पॅकिंगचा कल्लाप्पा म्हणायचा, बघ बे,
समुद्रापल्याड माझी भावकी हाय.

मग एका दुपारी, डबा खाऊन,
काय डोक्यात आलं, फोनला विचारलं.
कल्लाओ नव्हे, काय्याओ.
आणि अर्रिबा म्हणजे वर.
नुसतं वर.

आता चलनबुकाच्या पाठकोऱ्या बाजूला
रोज दहा शब्द.
वय सत्तेचाळीस, चष्म्याचा नंबर नवा.
साबणाला हाबोन. नारंगीला नारान्हा.
हा कुठंतरी भेटलेला वाटतो,
आमच्याच बाजारातून कधीकाळी उठून गेलेला,
वाटेत एक अक्षर झिजलेला.

र मात्र येत नाही.
पेरो म्हणजे पण,
पेर्रो म्हणजे कुत्रा.
पिरनवाडीपर्यंत स्कूटरवर घोकतो,
हेल्मेटात नुसती घरघर.
घरी पोचतो तो रोज 'पण' घेऊनच,
कुत्रा अजून यायचाय.

मोल्डिंगच्या बसलिंगला सांगितलं,
यांच्यात टेबल बाई आहे, पुस्तक बाप्या.
तो पोट धरून हसला.
आमच्यात टेबल अदु, पुस्तक अदु,
आणि तुझं हे खूळ, तेबी अदु.

रात्री सुगंधा म्हणाली, काय करूलालासा?
शिकूलालोय.
पगार वाढतोय काय?
नाही.
मग तुमच्याशी बोलणार कोण हाय त्यातनं?

कोणी नाही, म्हणालो,
आणि पाठीवरचं पोतं उतरवल्यासारखं वाटलं.
एका भाषेनं माझ्याकडून
न वाचता येणाऱ्या उताऱ्यावर अंगठा घेतला,
एकीनं घोषणा घेतल्या, घसा बसेपर्यंत,
आणि एकीच्या इंटरव्ह्यूत
माझा नवा शर्ट घामानं भिजला होता.
या चौथीला माझं नावही ठाऊक नाही.

चौथा धडा. गाळलेली जागा भरा :
सोय दे —
म्हणजे, मी अमक्या गावचा.
मराठीत वाचलं तर अर्ज वाटतो,
पंचायतीच्या खिडकीतून आत सरकवावा असा.
लिहिलं, सोय दे किणये.
पुढं राज्यासाठी रेघ होती.
पेन तिथं जरा थांबलं,
मग पान उलटलं.

त्यांच्याकडं 'आहे' दोन आहेत.
जे अंगाला चिकटून आलं, त्याला सेर.
जे आज असं, उद्या तसं, त्याला एस्तार.
चहा गार आहे, एस्तार.
दार उघडं आहे, मी दमलोय, एस्तार.
माणूस कुठला? सेर.
तो कुठंही जाईना, त्याला सेरच.
आणि गाव? गाव कुठं आहे?
दोनदा तपासलं, पान बत्तीस,
बोट ठेवून, ओळ अन् ओळ :
एस्तार.
शहर असो, खेडं असो, राजधानी असो,
गार चहाचंच क्रियापद.

अंधारात मी एकटाच हसलो.
सुगंधा म्हणाली, झोपा आता.
इतक्या वर्षांचं भांडण, इतके वकील,
हे तिला कुठल्या भाषेत सांगायचं
ते सुचलं नाही.

सकाळी कल्लाप्पानं खोकं उलटं ठेवलं होतं.
क्रेन खाली येत होती.
मी ओरडलो, अर्रिबा!
र एकच लागला.
त्यानं अर्थ विचारला नाही,
खोकं सरळ केलं.