मोजणी

रात्री मासे बेरंग असतात.
हे ओझिएल गिऱ्हाइकाला कधीच सांगत नाही.
मी टबापाशी कंदील घेऊन बसलेय, मला ठाऊक आहे.
अंधारात ते राखेच्या काड्यांसारखे तरंगतात,
मग उजेड पडला की हळूहळू,
निखाऱ्यावर कुणी फुंकर घालावी तशी
आधी निळी रेघ,
मग तिच्याखालचं लाल.

आमची नदी काळी. काळी म्हणजे घाण नव्हे,
पानं भिजून भिजून झालेला कोरा चहा.
ओंजळीत फिकी सोनेरी,
होडीखाली पाहाल तर तळच नाही.
पाणी चढलं की ती झाडांत शिरते,
आम्ही फांद्या बाजूला सारत वल्हवतो.
आणि पियाबा, करंगळीच्या दोन पेरांएवढ्या,
बुडालेल्या मुळांशी दबा धरून असतात.
ओझिएल त्यांना हाकत नाही.
वल्ह्याचं टोक पाण्यात नुसतं हलवतो,
चुचकारल्यासारखं,
आणि त्या आपणहून जाळ्यावर येतात.

मोजायचं काम माझं.
पांढऱ्या वाडग्यात सावकाश, खवला न दुखवता.
शंभर झाल्या की असाईची एक बी बाजूला.
दहा बियांचे हजार.
हजाराची साखर, रॉकेल,
उरलंच तर इराणिल्देच्या वहीला पैसे.
सासूने शिकवलं होतं: मोजताना बोलू नये,
बोललीस तर मासा आकडा घेऊन पळतो.

या खेपेला मालकाची बोट आली नाही.
पहिल्या आठवड्यात म्हणाले, इंजिन बिघडलंय.
दुसऱ्या आठवड्यात कुणीच काही म्हणालं नाही.
मग खालच्या वस्तीवरून आलेला पोरगा सांगून गेला,
समुद्रापल्याड म्हणे काचेच्या पेट्यांत पैदास करतात,
स्वस्त पडतात.
एकही पान न पाहिलेल्या पियाबा.

पाच हजार होत्या आमच्याकडे.
बावीस दिवस रोज पाणी बदललं,
आमच्या डब्यातलं कसाव्याचं पीठ चिमटीने टाकलं.
तेविसाव्या दिवशी डब्यात हात घातला,
बोटं पत्र्याला लागली.

इराणिल्दे म्हणाली, सोडून देऊ.
ओझिएल म्हणाला, पाणी उतरलं की डबक्यात अडकून मरणारच आहेत,
मी तर त्यांना वाचवायला धरतो.
खरंही आहे ते. दरवर्षी म्हणतो.
मग त्यानेच टब उचलला.

मी सवयीने मोजू लागले.
बी काढून ठेवली, दुसरी ठेवली,
तिसरीला पोर काहीतरी विचारती झाली
आणि मी उत्तर दिलं.
आकडा गेला.
बरं वाटलं असं नाही म्हणणार मी.
पीठ संपलं होतं.

रात्री होडी बांधायला खाली गेले.
कंदील घरीच राहिला होता.
पाय पाण्यात, पाणी काळं,
घोट्याशी काहीतरी सळसळलं,
एक असेल, हजार असतील,
रंग नसलेले.