डोकी मोजणारा

मी रिप्रेझेंटेटिव्ह. म्हणजे नेमकं काय,
हे बायकोलाही लग्नानंतर सहा वर्षांनी कळलं.
पगार सिनेमा कंपनीचा, बसणं थेटरात
आणि काम डोकी मोजायचं.

घोडपदेवचं चंद्रोदय टॉकीज:
स्टॉल चारशे बारा, बाल्कनी एकशे नव्वद,
त्यातल्या सतरा खुर्च्या मोडक्या, त्या वजा.
इंटरव्हलआधी दहा मिनिटं
बॅटरी जमिनीकडे धरून
रांगेरांगेने मोजत जायचो.
मांडीवरचं पोर धरायचं की नाही
यावरून मॅनेजर अब्बासभाईंशी
माझं कडाक्याचं भांडण झालंय.

मग रोजचा हिशोब, कार्बन लावून, तीन प्रती.
एक शेठला, एक ऑफिसला, एक मला.
माझ्या अजून माळ्यावर आहेत.
झुरळांनी त्यातला करमणूक कर तेवढा खाल्लाय.

मोजताना पडद्याकडे पाठ असते.
छत्तीस वर्षं मी सिनेमे
लोकांच्या तोंडांवर पाहिले.
हिरो मरायच्या आधीच जी रांग पुढे वाकायची,
विनोदाला दातांवर निळा उजेड.
एक बाई एकाच सिनेमाला
अकरा मंगळवार आली
आणि अकराही वेळा
त्याच गाण्याच्या आधी उठून गेली.
तिला मी अकरा धरलं.
हिशोबात तशी सोय होती.

आमच्या कंपनीला एका मोठ्या कंपनीने घेतलं,
तिला आणखी मोठीने.
ओळखपत्राची दोरी चार वर्षांत तीनदा बदलली,
फोटो तोच.
मोठा मासा वगैरे म्हणायची पद्धत आहे,
पण मासे निदान एका पाण्यातले असतात.
आताचे मालक कुठले, म्हणून विचारलं
तर पवईच्या ऑफिसातली ईशानी म्हणाली,
काका, मलाही आजच कळलंय.

ईशानी चांगली पोरगी. खुर्ची ओढून दाखवलं तिने:
सिनेमा थेटरात तीन आठवडे, मग घरोघरी.
कुणी कितव्या मिनिटाला थांबवला,
कुठे मागे नेला, कुठे कायमचा सोडला,
सगळं आपोआप येतं.
सत्तेचाळिसाव्या मिनिटाला
आलेखात एक खड्डा होता.
इथे काय झालं?
लोक गेले.
कुठे गेले?
ते नाही येत यात, काका.

सांगणार होतो तिला,
चंद्रोदयला कुणी गेलं की दार करकरायचं,
पडद्यावर रस्त्याच्या उजेडाची फट पडायची
आणि पाचशे चौऱ्याऐंशी जणांना कळायचं,
एक उठला.
नाही सांगितलं. तिचा डबा तसाच होता.

खोटं कशाला बोलू, घरी मीही बघतो.
बायकोचे गुडघे बाल्कनी चढत नाहीत,
ढेकूण नाहीत, भात लागला
तर सिनेमा थांबतो.
फक्त माझी पाठ आता भिंतीकडे असते
आणि समोर पाहायची सवय होत नाही.

गुरुवारी शेवटचा खेळ. शुक्रवारी सिनेमा घरोघरी जाणार,
आणि अब्बासभाई लोण्यात, मुलीकडे, लोणावळ्याला म्हणायचंय मला,
त्यांच्या दाढा काढल्यात, ते असंच बोलतात हल्ली.
बॅटरी घेऊन निघालो.
अकरा. त्यात एक झोपलेला.
बारावा मागच्या कोपऱ्यात, पार्सल पोचवणारा पोरगा,
थैली शेजारच्या खुर्चीवर बसवलेली,
आणि स्वतः मोबाइलवर
भलताच सिनेमा बघत होता. आवाज बंद करून.

त्याच्यामागे उभा राहिलो.
त्याची नायिका तोंड उघडायची
आणि आमच्या खलनायकाच्या आवाजात बोलायची.
तिचा पाऊस आमच्या गोळीबारात पडत होता.
बराच वेळ उभा होतो. मोजायचं विसरलो असं नाही.

ह्याला धरू का, अब्बासभाईंना विचारलं.
तिकीट काढलंय, म्हणाले, धर.

हिशोबात शेवटी शेरा म्हणून रकाना असतो.
छत्तीस वर्षं तिथे मी निरंक लिहीत आलो.
त्या रात्री लिहिलं:
पोराचा सिनेमा बरा असावा.
दिवे लागले तरी उठला नाही.