कवेलू

घाटंजीहून अकरा किलोमीटर आत,
जुन्या कोंडवाड्याच्या खोलीत माझं सेवा केंद्र.
सातबारा, जातीचा दाखला, रंगीत झेरॉक्स.
गणिताशी संबंध दहावीत पस्तीस मार्कांवर सुटला.

आत्रामांची करिश्मा आली, हातात कालची प्रिंट.
"दादा, थे डबे डबे काऊन आले जी?"

पाहिलं.
चिन्हांच्या जागी चौकोन, त्याच्या बाजूला चौकोन.
अपूर्णांकाची रेघ बेपत्ता,
वरचा आकडा खालच्याच्या मांडीवर,
अन् वर्गमुळाचं छप्पर सरकलेलं,
वानरं नाचून गेल्यावर
आमच्या गोठ्याचं कवेलू सरकतं तसं.

कुमरे सरांनी पेनड्राइव्हात दिलेलं पान बरोबर होतं.
पण ज्या फॉन्टात ही चिन्हं राहतात
तो दर वेळी दूरच्या सर्व्हरवरून मागवायचा,
आणि आमच्या टॉवरचं डिझेल दुपारीच संपतं.
कॅशे पुसली. चौकोन.
ब्राउझर बदलला. तेच चौकोन, जरा जाड.
झूम एकशेदहा केलं तर छप्पर जुळायचं,
शंभरावर आणलं की पुन्हा चीर.

शेवटी पाण्याच्या टाकीवर चढलो.
तिथं दोन काड्या येतात.
तीनशे केबी उतरायला एक बिडी लागली.
खाली येऊन फॉन्ट त्याच फोल्डरात ठेवला,
पानातल्या एका ओळीत पत्ता बदलला:
लांब नको जाऊ, घरातच आहे.

रिफ्रेश.
क्षणभर पांढरं.
मग रेघ आली. वरचा वर, खालचा खाली.
मुळाच्या चिन्हानं मान उचलली
आणि बी वर्ग वजा चार एसी,
साऱ्यांवर पांघरूण ओढत गेलं
पार एसीच्या पायापर्यंत.

मी वळून पाहिलं. करिश्मा वही उघडून बसलेली.
डबे तिनं रात्रीच भरले होते, पेन्सिलीनं.
"इथं मूळ असन, इथं भागिले. मले वाटलंच व्हतं."
सगळे बरोबर.
एक सोडून.
तिथं तिनं अधिक लिहिलं होतं.
पडद्यावर अधिक होतं, आणि त्याच्या पायाशी वजा.

तिनं बोटानं पडदा पुसला,
धूळ तर नाही ना, म्हणून.
धूळ नव्हती.
"म्हंजे उत्तरं दोन व्हते?"

चौकोनवाल्या प्रिंटचे पाच रुपये मी परत केले.
ते तिनं न मोजता कंपासात टाकले.
खोडरबर काढलं नाही.
अधिकाच्या खाली
एक रेघ ओढली फक्त,
आणि पान उलटलं.