नंबर चुकलाय

नवीन सिम देताना दुकानातला पोरगा म्हणाला,
लकी नंबर आहे मॅडम, शेवटी तीनदा सात.
त्या दिवसापासून मी जयसिंग पासलकर आहे.

सकाळी पावणेआठला, कुकरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शिट्टीच्या मध्ये
कर्जवसुलीची मुलगी. गोड आवाज, आत ब्लेड.
पासलकर साहेबांचा हप्ता चुकलाय.
नंबर चुकलाय, मी म्हणते.
हप्ता पण, ती म्हणते.

दांडेकर पुलाच्या सिग्नलला पर्समध्ये थरथर.
मागचा रिक्षावाला दिवा हिरवा व्हायच्या आधीच हॉर्न देतो,
जणू मीच तो लाल करून ठेवलाय.
एकजण गाडी फुटपाथवर घालतो
आणि फुटपाथवरून चालणाऱ्या आजोबांना सांगतो, बघून चाला की.
मी कडेला थांबते, हातमोजे काढते, हेल्मेट काढते, तेलकट केस कपाळावर,
हॅलो,
पासलकर, त्या मीटरचं काय झालं हो?

काहीजण मला वहिनी म्हणतात.
वहिनी, साहेबांना द्या जरा.
सुरुवातीला मी सांगायचे, अहो मी कोणाची वहिनी नाही,
मी वैजयंती धाडफळे, लग्न केलेलं नाही,
धायरीत राहते, सहावा मजला, लिफ्ट गुरुवारपासून बंद.
एवढं कशाला सांगायचं?
पण चिडलं की माणूस नको तेवढं खरं बोलतो.

आता मला त्याचं बरंच माहीत झालंय.
वरची डावी दाढ, रूट कॅनॉलची दुसरी सिटिंग राहिलेली.
एकवीस नोव्हेंबरला वाढदिवस.
त्या दिवशी साड्यांच्या दुकानाने मला वीस टक्के सूट दिली,
विमा कंपनीने दीर्घायुष्य चिंतलं.
माझ्या वाढदिवसाला एकट्या बँकेचा मेसेज,
तोही नावातलं एक अक्षर गाळून.

त्याचे ओटीपी माझ्याकडे येतात.
सहा आकडे, कोणालाही सांगू नका.
कोणाला सांगणार?
म्हणजे कुठेतरी तो बसलाय, बोट वर धरून, वाट बघत,
आणि त्याचे सहा आकडे इथे, माझ्या कणकेच्या हातात.
माझा स्वतःचा ओटीपी मात्र येत नाही,
सिलिंडरवाला सहा जिने चढून दारात उभा,
म्हणतो, ताई, नंबर सांगा, नाहीतर खाली नेतो.

एकदा रात्री साडेअकराला किरकटवाडीहून कोणी मुकुंदा.
माझा हॅलो ऐकायच्या आधीच म्हणाला,
म्हातारी बरी आहे रे, आज अर्धी भाकरी खाल्ली,
आणि ठेवून दिला.
मी अंधारात बसून राहिले.
बरं वाटलं. आणि बरं वाटल्याचाच जास्त राग आला.

मग टिळक रोडवरून चष्मेवाला.
मार्चपासून तुमचा चष्मा पडून आहे,
दुकान हलवतोय आम्ही, दोनशे ऐंशी बाकी.
नंबर चुकलाय, मी म्हणाले.
शक्यच नाही, तो म्हणाला,
आम्ही दोनदा तपासलाय.

या वाक्यापुढे माझ्याकडे काही उरलं नाही.

शनिवारी गेले. पार्किंग नाही, सुट्टे नाहीत,
क्यूआर भिंतीवरून उतरवून खोक्यात भरलेला.
चष्मेवाल्याने पावती बघितली, मला बघितलं,
कोण तुम्ही त्यांच्या, असं काही विचारलं नाही.
फक्त म्हणाला, लावून बघायला सांगा, नाक थोडं दुखेल.

घरी येऊन मीच लावला.
समोरची बिल्डिंग विरघळली, वाळत घातलेले कपडे तेवढे रंग म्हणून राहिले,
पण सोसायटीच्या नोटिशीतली बारीक ओळ,
जी मला गेले वर्षभर लागत नव्हती,
स्वच्छ: सभासदांनी आपापली तक्रार लेखी द्यावी.

चाळिशी मलाही लागलीय तर.

चष्मा फ्रिजवर ठेवलाय, लाइटबिलांच्या शेजारी.
आज पावणेआठला पुन्हा फोन, तिसऱ्या शिट्टीच्या आत.
पासलकर साहेब आहेत का?
मी गॅस बारीक केला.
बाहेर गेलेत, म्हणाले. काही निरोप?

पलीकडे ती पहिल्यांदाच अडखळली.

दोनशे ऐंशी गेले ते गेलेच.